बायबलमधली निनावी व्यक्ती कोण हे शोधायचं कसं? तेलाची कुपी आणणाऱ्या बाईची केस घेऊन सविस्तर

मागच्या उपवासकाळात संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना मार्क १४ (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्कचा चौदावा अध्याय) वाचून दाखवत होते. बेथानीतलं जेवण, ती बाई येते, कुपी फोडते आणि सगळं सुगंधी तेल येशूच्या डोक्यावर ओतते तो भाग. नवव्या वचनापाशी आले, जिथे येशू म्हणतो की सगळ्या जगात जिथे जिथे सुवार्ता सांगतील तिथे हिने केलं तेही हिच्या आठवणीसाठी सांगतील, आणि एक मुलगी मध्येच म्हणाली, टीचर, आठवण ठेवायची म्हणतात मग नाव का नाही लिहिलं? तिला उत्तर द्यायच्या आतच मागून एक मुलगा म्हणाला, अगं ती मग्दालिया, नाटकात असते ना लाल साडीवाली.

त्याचा काहीच दोष नाही. मला पण लहानपणी हेच शिकवलं होतं की मग्दालिया (येशूसोबत फिरणारी मरीया मग्दालिया) म्हणजे वाईट चालीची बाई, तिने रडून पाय धुतले, तेल लावलं, मग ती सुधारली. खूप वर्षं मी हे बायबलमध्ये असंच लिहिलंय असं धरून चालले होते. पण ते तसं कुठेच लिहिलेलं नाहीये. म्हणून त्या आठवड्यात बसून सगळं पहिल्यापासून तपासलं, आणि ज्या पद्धतीने तपासलं तीच इथे लिहितेय, म्हणजे तुम्हाला कुठल्याही निनावी व्यक्तीसाठी वापरता येईल. ग्रीक यायला लागत नाही, थिऑलॉजीची डिग्री लागत नाही. मराठी बायबल, एक मोठा कागद आणि फोन पुरे.

पहिली स्टेप: नाव डोक्यातून काढा आणि सगळे उतारे शेजारी शेजारी मांडा

कागद आडवा धरा, चार कॉलम पाडा. मत्तय २६:६-१३, मार्क १४:३-९, लूक ७:३६-५० आणि योहान १२:१-८. डावीकडे प्रश्न लिहा: गाव कुठलं, कधी, घर कोणाचं, बाईचं वर्णन काय, काय आणलं, डोक्यावर की पायांवर, तक्रार कोणी केली, कशावरून केली, येशूने काय उत्तर दिलं.

आता नियम एकच पण तो कडक पाळा. ज्या कॉलममध्ये जे लिहिलंय तेवढंच भरायचं, एका शुभवर्तमानातली माहिती दुसऱ्याच्या रकान्यात टाकायची नाही आणि रकाना रिकामा राहिला तर राहू द्यायचा. आपण लहानपणापासून चारही गोष्टी एकत्र करून ऐकलेल्या असतात त्यामुळे हात आपोआप भरायला जातो, आणि गडबड नेमकी तिथेच होते.

नीट भरलंत तर असं दिसेल. मार्कमध्ये बेथानी, शिमोन कुष्ठरोग्याचं घर, "एक स्त्री", शुद्ध जटामांसीचं महाग तेल, डोक्यावर ओतलं, तिथले काही जण चिडले की हे तीनशे दिनारांपेक्षा जास्तीला विकून गरिबांना देता आलं असतं, येशू म्हणतो तिला त्रास देऊ नका, हिने माझ्या दफनाची तयारी आधीच केलीय. मत्तय जवळजवळ तसंच, फक्त चिडणारे शिष्य आहेत आणि किमतीचा आकडा नाही. योहानात पण बेथानीच, वल्हांडण ह्या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी, मार्था वाढतेय, तिचा भाऊ लाजर पंगतीला बसलाय, आणि तेल आणणारीचं नाव सरळ लिहिलंय: मरीया. ती पायांना तेल लावते, केसांनी पुसते, तक्रार यहूदा इस्कर्योत (पुढे येशूला पकडून देणारा शिष्य) करतो, तीच तीनशे दिनारांची, आणि उत्तर पुन्हा दफनाचं.

लूक मात्र पूर्ण वेगळ्या ठिकाणी उभा आहे. येशू अजून गालीलात फिरतोय, थोडं आधी नाईन गावात विधवेचा मुलगा उठवलाय, जेवायला बोलावणारा परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) आहे, त्याचंही नाव शिमोन, आणि बाई म्हणजे "त्या गावातली एक पापी स्त्री". ती रडते, पाय आसवांनी भिजतात, केसांनी पुसते, पायांचे मुके घेते, मग तेल लावते.

तीनशे दिनार किती हे पण लिहून ठेवा. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दिनार मिळतो, म्हणजे एका मजुराची जवळपास वर्षभराची कमाई एका संध्याकाळी ओतली गेली. तक्रार का झाली हे मग समजतं.

दुसरी स्टेप: मथळे आणि अध्यायाचे आकडे झाकून वाचा

छापील बायबलमध्ये उताऱ्यांवर जे ठळक मथळे असतात ते मूळ लेखनात नाहीत, छापणाऱ्यांनी सोयीसाठी टाकलेत. अध्यायांची आत्ताची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे १५५१ च्या छापील आवृत्तीपासून आले. म्हणजे जवळजवळ बाराशे वर्षं लोक हे आत्ताच्या अध्यायांशिवायच वाचत होते.

लूकचा सातवा अध्याय संपतो तिथे न थांबता आठव्यात जा. त्या पापी बाईला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला तारलं, शांतीने जा, आणि लगेच दोन ओळींवर मरीया मग्दालिया येते, "जिच्यातून सात भुतं निघाली होती". ही दोन माणसं वाचणाऱ्याच्या डोक्यात चिकटली ती इथेच, पानावरच्या शेजारामुळे. पण शेजारी असणं म्हणजे तीच असणं नाही.

उलट बघा, लूक मग्दालियेची ओळख कशी करून देतो. पूर्ण नाव, गावाची खूण (मग्दाला हे गालील समुद्राच्या पश्चिम काठावरचं गाव), तिला काय झालं होतं ते, आणि सोबत हेरोदाचा कारभारी कूझ याची बायको योहान्ना आणि सुसान्ना. ही नवीन माणसाची ओळख आहे. दोन मिनिटांपूर्वी जिच्याबद्दल पंधरा वचनं लिहिली तीच ही असती तर "तीच ही" एवढं म्हणायला त्याला काय अडचण होती? माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी टेस्ट आहे आणि ती कुठल्याही केसला लावता येते: लेखक त्या माणसाला पहिल्यांदा भेटवतोय की पुन्हा भेटवतोय?

तिसरी स्टेप: वस्तूंची साम्यं बाजूला ठेवा, भांडण कशावरून आहे ते बघा

दोन गोष्टी एकाच प्रसंगाच्या आहेत की वेगळ्या हे ठरवताना आपण कुपी, केस, जेवण, शिमोन असं मोजत बसतो. त्याने फसायला होतं, कारण त्या काळात पाहुण्याला तेल लावणं ही ओळखीची गोष्ट होती (लूकमध्येच येशू शिमोनाला म्हणतो, तू माझ्या डोक्याला तेल लावलं नाहीस), आणि शिमोन हे तर त्या काळच्या यहुदी पुरुषांमधलं सगळ्यात कॉमन नाव. नव्या करारात मोजा: शिमोन पेत्र, शिमोन कनानी, कुरेनेकर शिमोन, चांभार शिमोन, जादूगार शिमोन, यहूदाचा बाप शिमोन, येशूचा भाऊ शिमोन, आणि आपले हे दोघं. मरीया हे बायकांमधलं सगळ्यात कॉमन नाव. आपल्याकडे एखाद्या गावात दोन पाटील निघाले म्हणून ते एकच माणूस होत नाहीत, तसंच.

त्यापेक्षा भांडण बघा. मत्तय, मार्क आणि योहान तिन्हीकडे भांडण पैशावरून आहे, एवढं महाग तेल वाया का घालवलं. बाई कोण आहे यावर कोणाचाही आक्षेप नाही, ती तिथे आली कशी हे कोणी विचारत नाही. लूकमध्ये तेलाच्या किमतीचा विषयच नाही, तिथे यजमानाला खटकतंय ते बाईचं असणं: हा संदेष्टा असता तर आपल्याला शिवणारी कोण आहे हे ह्याला कळलं असतं. उत्तरंही तशीच, एकीकडे दफन, दुसरीकडे पाचशे आणि पन्नास दिनारांचे दोन कर्जदार आणि क्षमा. माझा निष्कर्ष इथेच पक्का झाला की हे दोन वेगळे प्रसंग आहेत, एक गालीलात आणि एक शेवटच्या आठवड्याच्या आसपास बेथानीत. एकच आठवण वेगवेगळ्या रूपात सांगितली गेली असं मानणारे अभ्यासक पण बरेच आहेत, आणि त्यांचा मुद्दा केस आणि पाय ह्या साम्यावर उभा आहे, तो हलका समजू नका. पण मला भांडणाचा फरक जास्त वजनदार वाटतो.

चौथी स्टेप: मूळ शब्द बघा, फोनवरच

ब्लू लेटर बायबल किंवा स्टेप बायबल ह्या फुकट साइट्सवर प्रत्येक शब्दामागे एक स्ट्राँग नंबर असतो. त्या नंबरवर टॅप केलं की तोच ग्रीक शब्द नव्या करारात कुठे कुठे आलाय त्याची यादी येते. साइट इंग्रजी आहे पण वचनांचे आकडे तेच, ते मराठी बायबलमध्ये उघडायचे. एकापेक्षा जास्त मराठी भाषांतरं बघा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं संपूर्ण भाषांतर १९२४ साली, त्या गेल्यावर, छापून आलं, आणि त्यानंतरही मराठीत भाषांतरं होत राहिलीत, तर एकाच्याच शब्दावर अडून बसू नका.

आपल्या केसमध्ये दोन शब्द बघायचे.

एक, तेलाला लावलेलं "शुद्ध" हे विशेषण, ग्रीकमध्ये पिस्तिकोस, नंबर ४१०१. पूर्ण नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी आहे: मार्क १४:३ आणि योहान १२:३. लूकमध्ये नाही. इतका दुर्मिळ शब्द, तोच जटामांसीचा उल्लेख, तेच गाव, तोच तीनशेचा आकडा, तीच तक्रार आणि तेच उत्तर. मार्कमधली निनावी बाई आणि योहानातली मरीया एकच, हे म्हणायला ह्याच्यापेक्षा चांगला पुरावा मिळणं अवघड आहे. आणि जटामांसी म्हणजे आपल्या आजीच्या केसांच्या तेलात असायची तीच, ती उगवते हिमालयात, उंचावर. तिथून यरुशलेमजवळच्या त्या गावापर्यंत ती गेली कशी असेल हे मनात आलं की तीनशे दिनार जास्त वाटत नाहीत.

दोन, लूकचा "पापी" हा शब्द, हमार्तोलोस, नंबर २६८. यादी उघडा आणि लूक ५:८ वर जा. तिथे पेत्र येशूच्या पाया पडून म्हणतो, प्रभू माझ्यापासून जा, मी पापी माणूस आहे. तोच शब्द. पेत्राचं पाप नक्की कुठलं असेल असं कधी कोणी विचारलंय का? पण बाईला तोच शब्द लागला तर लोकांनी लगेच वेश्या ठरवलं. लूकला वेश्येसाठीचा शब्द माहीत नव्हता असंही नाही, १५:३० मध्ये उधळ्या मुलाचा मोठा भाऊ तो वापरतो. इथे लूकने तो वापरला नाही, मग आपण का वापरायचा? हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून बघितलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, इतकी वर्षं मुलांना आपण काय सांगत आलो.

पाचवी स्टेप: आपल्या उत्तराला जे अडतंय ते पण लिहा

मार्कची बाई म्हणजे मार्थाची बहीण मरीया, हे आपलं उत्तर. आता ह्याला काय काय अडतं?

डोकं आणि पाय. मार्क-मत्तय डोकं म्हणतात, योहान पाय. पण मत्तयात येशू स्वतः "माझ्या शरीरावर" ओतलं म्हणतो, आणि योहानाने तेलाचं जे माप दिलंय ते सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, तेवढं तेल फक्त पायांना किंवा फक्त डोक्याला लागत नाही.

दिवस. योहान सहा दिवस म्हणतो, मार्कमध्ये दोन दिवसांचा उल्लेख आहे. पण मार्क १४:१ नीट वाचा, दोन दिवस हे येशूला धरायच्या याजकांच्या कटाबद्दल आहेत, जेवण त्याच दिवशी झालं असं तो म्हणत नाही. एक गोष्ट फोडून मध्ये दुसरी ठेवायची मार्कला सवय आहे, याईराच्या मुलीच्या गोष्टीत मध्ये रक्तस्रावाची बाई येते, वाळलेल्या अंजिराच्या झाडाच्या गोष्टीत मध्ये मंदिर येतं. इथे पण एकीकडे कट, दुसरीकडे यहूदाचा सौदा, आणि मध्ये ही बाई.

घर. मार्क शिमोनाचं घर म्हणतो, योहान घर कोणाचं ते सांगतच नाही. लाजर "पंगतीला बसलेल्यांपैकी एक होता" अशी वाक्यरचना आहे, स्वतःच्या घरातल्या माणसाबद्दल सहसा असं लिहीत नाहीत. म्हणजे हा अडथळा उरत नाही.

योहानात केस कसे आले हे मात्र मला पूर्ण सुटलेलं नाही. लूकमध्ये ती आसवं पुसते, ते समजतं. योहानात ती लावलेलं तेलच पुसते. ज्यांना दोन्ही प्रसंग एकच वाटतात त्यांचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे आणि तो मी माझ्या कागदावर तसाच लिहून ठेवलाय.

सहावी स्टेप: परंपरेला तारीख लावा

एखादं नाव मजकुरात नाही पण सगळ्यांना माहीत आहे, तर ते पहिल्यांदा कुठे दिसतं हे शोधा. आपल्या केसमध्ये उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ आहे. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी (पहिला) यांनी रोममध्ये एका प्रवचनात लूकमधली पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालिया ह्या तिघी एकच आहेत असं सांगितलं, आणि सात भुतं म्हणजे सगळी पापं असा अर्थ लावला. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तेच रुजलं. चित्रकारांनी मग्दालियेच्या हातात कुपी दिली आणि केस मोकळे सोडले, म्हणून चित्र कधीच पुरावा धरू नका. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिघी वेगळ्याच ठेवल्या, त्यांच्याकडे पवित्र आठवड्यातल्या बुधवारी कासिया नावाच्या नवव्या शतकातल्या संन्यासिनीचं एक स्तोत्र गातात, त्यात ती पापी स्त्री आजही निनावीच आहे.

१५१७ मध्ये जाक लफेव्र ह्या फ्रेंच अभ्यासकाने तिघी एक नाहीत असं लिहिलं तर मोठा वाद झाला आणि १५२१ मध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याच्या मताचा निषेध केला. शेवटी १९६९ च्या कॅथलिक कॅलेंडर सुधारणेनंतर २२ जुलैला, मग्दालियेच्या दिवशी, लूक ७ वाचायचं बंद होऊन योहान २० आलं, म्हणजे कबरेपाशी ती येशूला भेटते ते. २०१६ मध्ये तिच्या दिवसाला सणाचा दर्जा मिळाला. २०२१ पासून २९ जुलैला मार्था, मरीया आणि लाजर ह्या तिन्ही भावंडांची आठवण एकत्र होते, म्हणजे बेथानीची मरीया वेगळी आहे हे कॅलेंडरमध्येच आलं. घरातल्या मोठ्या माणसांना पटवायचं असेल तर हे दोन दिवस दाखवा, मला तरी ग्रीक शब्दापेक्षा ह्याचा जास्त उपयोग झाला.

बाकी केसेसमध्ये पण हेच करायचं. गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागुशला तीन राजांचं फेस्त होतं, पण मत्तयात ते राजे नाहीत, ज्ञानी लोक आहेत, आणि तीन हा आकडा पण नाही, फक्त भेटवस्तू तीन आहेत. भाल्याने कूस भोसकणाऱ्या शिपायाचं लाँगिनस हे नाव नंतरच्या ग्रंथातून आलंय, आणि ते बहुतेक भाल्याच्या ग्रीक शब्दावरूनच पडलं. ही नावं भक्तीत राहू द्यात, पण कागदावर वेगळ्या शाईने लिहा.

सातवी स्टेप: नाव का गाळलं असेल ते विचारा

हा त्या मुलीचाच प्रश्न, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. मार्क १४ मध्येच पुढे गेथशेमानेत, येशूला अटक होते तिथे, कोणीतरी तलवार उपसून प्रमुख याजकाच्या नोकराचा कान कापतो. मार्क नाव सांगत नाही. योहान १८:१० सांगतो: शिमोन पेत्र, आणि नोकराचं नाव मल्ख. म्हणजे बेथानीत जे झालं तेच, आधीच्या शुभवर्तमानात निनावी आणि सगळ्यात शेवटी लिहिलेल्या योहानात नाव.

गेर्ड थाइसन ह्या जर्मन अभ्यासकाने ह्यावर असं सुचवलंय की ही गोष्ट यरुशलेममध्ये पहिल्यांदा सांगितली जात होती तेव्हा ती माणसं जिवंत होती आणि तिथेच राहत होती, नाव घेतलं असतं तर त्यांना धोका होता. रिचर्ड बॉकहॅम ह्यांनी हाच विचार तेल ओतणाऱ्या बाईला लावलाय. डोक्यावर तेल ओतणं म्हणजे राजाचा अभिषेक, आणि ज्याला राजा म्हणवल्याबद्दल क्रुसावर दिलं त्याचा अभिषेक करणारी बाई कोण हे अधिकाऱ्यांना कळणं बरं नव्हतं. योहान १२:१० मध्ये तर लिहिलंच आहे की लाजरालाही मारायचा विचार चालला होता, म्हणजे मरीयेच्याच भावाला. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, पण मजकुराला धरून आहे.

शेवटी निकाल लिहिताना तीन पातळ्या ठेवा. "मजकूर सांगतो", "मजकुरावरून बरंच पटतं" आणि "परंपरा सांगते". माझ्या कागदावर असं आलं: योहान १२ ची बाई बेथानीची मरीया, मजकूर सांगतो. मार्क आणि मत्तयची तीच, बरंच पटतं. लूक ७ ची बाई, नाव माहीत नाही. ती मग्दालिया, फक्त परंपरा. मग्दालियेबद्दल मजकूर काय सांगतो तर ती बरी झाली, गालीलात येशूची आणि शिष्यांची सेवा आपल्या पैशाने केली, क्रुसापाशी थांबली आणि रिकामी कबर तिने बघितली.

सरावासाठी लूक २४ घ्या, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं. एकाचं नाव क्लयपा, दुसरा निनावी. त्याच्यासोबत योहान १९:२५ उघडा, क्रुसाजवळ उभ्या असलेल्यांत क्लोपाची बायको मरीया आहे. क्लयपा आणि क्लोपा एकच का, दुसरी व्यक्ती त्याची बायको असेल का, हे वरच्या सगळ्या स्टेप्स लावून बघा, कॉमन नावांची स्टेप अजिबात सोडू नका.

मुलांनी हे सगळं दोन रविवारांत केलं, चार्ट पेपरवर. यंदाच्या नाटिकेत जेवणाच्या सीनला कुपी मार्थाच्या बहिणीच्या हातात होती. ज्या मुलीने नाव का नाही विचारलं होतं ती मग्दालिया झाली, आणि तिची एन्ट्री आता थेट क्रुसापाशी आहे.